मालवणच्या बंदरावरील अन्नपाणी

आपल्या बालाघाट जिल्ह्यातील माणसास मासा परका नाही. वैनगंगेतील आणि गावतळ्यांतील रोहू-कतला आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत, आणि भाताविना आपले ताट पुरे होत नाही. तरीही समुद्र डोळ्यांनी पाहिलेली कुटुंबे आमच्या धर्मग्रामात मोजकीच. गेल्या उन्हाळ्यात त्यांपैकी काहींनी पैपैसा साठवून मालवणास जाण्याचे ठरविले व मलाही सोबत नेले. परतल्यापासून जो तो एकच प्रश्न विचारतो, "फादर, तिकडे जेवायचे कुठे?" प्रश्न साधा दिसतो, परंतु वर्षभराची पुंजी गाठीस बांधून मुलाबाळांसह निघालेल्या शेतकऱ्याला तो साधा नसतो.

वाटेविषयी थोडक्यात सांगतो. गोंदियाहून मुंबई, आणि तेथून १९९८ साली पूर्णपणे खुल्या झालेल्या कोकण रेल्वेने कुडाळ. कुडाळहून एस.टी. तासाभरात मालवणच्या स्थानकावर उतरविते.

मालवणात जेवणाच्या जागा दोन प्रकारच्या. एक, हमरस्त्यावरील झगमगीत उपाहारगृहे. दुसरी, घरगुती खानावळी. माझा कौल निःसंशय खानावळींना आहे. घराच्या ओसरीवर किंवा पडवीत चारसहा मेजे मांडलेली, आत चुलीपाशी घरची बाई आणि तिची सून, वाढावयास घरचाच मुलगा. नारळ, धणे, लाल मिरची यांचे वाटण तेथे रोजच्या रोज होते. (ही मिरची आणि तिकडचा तो प्रसिद्ध काजू, दोन्ही पोर्तुगीजांनी अमेरिका खंडातून आपल्या देशात आणलेली, हे आज कोणाच्या ध्यानीही येत नाही.) ताटात भात, आमटी किंवा माशाची कढी, एक तळलेली तुकडी, चपाती अगर भाकरी आणि शेवटी वाटीभर सोलकढी. आमसुलाच्या आंबटपणात नारळाचे दूध मिसळून केलेले हे गुलाबी पेय तिखट जेवणानंतर पोटास निववते. आमच्यातील लहानग्यांनी तर मासा सोडून सोलकढीच दोनदा मागितली.

बांगड्याचे तिखले अवश्य मागावे. त्यात तिरफळ नावाचे मिरीएवढे फळ ठेचून घातलेले असते. तेलकट माशाचा उग्र वास ते मारते. मात्र ते बाजूस काढून ठेवायचे असते, चावायचे नसते. आमच्या एका आजोबांनी ते चावले, आणि पुढील घटकाभर त्यांची जीभ बधिर होती.

आता पैशाची गोष्ट. सुरमई, सरंगा, कोळंबी यांचे भाव रोजच्या मासळीवर ठरतात, म्हणून फलकावर त्यांच्यापुढे पुष्कळदा आकडाच नसतो. पहिल्या रात्री एका मोठ्या उपाहारगृहात आमच्यातील एका कुटुंबाने संकोचापायी दर विचारला नाही. पुढ्यात आलेला कागद पाहून त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. दोन दिवसांच्या जेवणाचे पैसे एका बसणीत गेले. दुसऱ्या दिवशी खानावळीत त्यांनीच अडखळत भाव विचारला. ती बाई हसून म्हणाली, "विचारा हो, विचारूनच जेवायचे असते. सरंगा आज महाग आहे, मुलांना बांगडा वाढते." बांगडा स्वस्त असतो, आणि ताजा असेल तर सरंग्याहून मला तरी अधिक रुचला.

ज्यांना मासा चालत नाही त्यांनी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचे सांबार मागावे. सकाळी घावणे मिळतात. परंतु आमच्या मंडळींना खरा आनंद झाला तो पेजेने. आपल्याकडे गोंड आणि बैगा बांधव कोदो-कुटकीची किंवा मक्याची पेज पितात. तिकडे उकड्या तांदळाची, सोबत लोणच्याची फोड. शब्द तोच, आणि पिण्याची वेळही कामावर निघण्याची. घरापासून इतक्या दूर तो शब्द ऐकून आमच्या बायाबापड्यांचा परकेपणा निम्मा गळाला.

पिण्याच्या पाण्याची नवलाई सिंधुदुर्ग किल्ल्यात आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्या खडकाळ बेटावर हा दुर्ग बांधावयास घेतला, त्याच्या चहूकडे खारा समुद्र. आत मात्र दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. होडीने तेथे जाता येते, पावसाळ्यात होड्या बंद असतात. एरवी शहाळे व कोकम सरबत मुबलक. फेणी कोठे मिळते, असेही मला दोघा तरुणांनी विचारले होते. त्यांच्या मातोश्री शेजारीच उभ्या असल्याने उत्तर मला द्यावे लागले नाही.

जून-जुलैत मात्र जाऊ नये. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण तो अनेक माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत पानात येणारी मासळी बहुधा बर्फातली. खानावळवाल्या बाईचे यजमान रापणीवर जातात. किनाऱ्यालगत जाळे टाकून त्याची दोन्ही टोके कित्येक माणसांनी वाळूवरून ओढायची व मिळेल ते वाटून घ्यायचे, ही ती जुनी रीत. मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली महाराष्ट्र शासनाने कडक निर्बंध घातले, पण रापणकरांची तक्रार मिटलेली नाही. २०२३ साली ५४ जातींच्या माशांची किमान लांबीही ठरविण्यात आली, पिल्ले मारली जाऊ नयेत म्हणून. यासाठीच त्या घरी बोटाएवढा सरंगा शिजत नाही, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी. आपण तळ्यात बोटुकली सोडून वर्षभर थांबणारी माणसे. आपल्याला हे समजावून सांगावे लागले नाही.

परतताना मालवणी खाजे बांधून आणावे. बेसनाच्या कांड्यांवर गूळ व आले यांचे वेष्टण असते, आणि ते बरेच दिवस टिकते. सुकी मासळी घ्यावयाची असल्यास झाकणाचा घट्ट डबा घरूनच न्यावा. गोंदियापर्यंतची वाट लांबची आहे आणि शेजारी बसलेला प्रवासी नागपूरच्या आधी उतरेलच असे नाही.