माळ्यावरचा संसार

पाऊस असा कोसळतोय की शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येत नाही. चिपळुणात जुलै लागला की आमचा अर्धा संसार माळ्यावर चढतो. तांदूळ, कागदपत्रं, मिक्सरसुद्धा. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतरची ही सवय. तेव्हा वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही फुगल्या, त्यात खाडीला भरती. पाण्यानं उतरायचं कुठून? सासूबाई भिंतीवर २००५ च्या पुराची खूण दाखवायच्या. ती बुडाली. पाणी काय, ओसरतंच. छळतो तो चिखल. ओला असतानाच खरवडायचा, एकदा वाळला की फरशी सोडत नाही. (विम्याचे फॉर्म त्याहून चिवट.) आता मेन स्विच बंद करते. कोळकेवाडी धरणातून पाणी सोडणार का, ते आधी विचारायला हवं.