मैदान होते, सामने कोठे होते?

१/ कोथरूडमध्ये महर्षी कर्वे यांच्या पुतळ्यापाशी मुली बसमधून उतरतात, तेव्हा कोणाच्या पाठीवर पुस्तके असतात, तर कोणाच्या खांद्यावर किटबॅग. पुस्तके मुलींच्या हाती कशी आली, हा इतिहास पुण्याला तोंडपाठ आहे. किटबॅग कशी आली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ही त्या दुसऱ्या इतिहासाची एक बाजू.

२/ आरंभ १८९६ पासून करू. त्या वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. तोच आश्रम पुढे कोथरूडशेजारच्या हिंगण्याला गेला. त्याच वर्षी ४ एप्रिलला अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कली या विद्यापीठांच्या मुली एकमेकींविरुद्ध बास्केटबॉल खेळल्या. स्टॅनफर्डने २-१ असा विजय मिळवला. सामना पाहण्यास पुरुषांना मज्जाव होता.

३/ अमेरिकेत मुलींना बास्केटबॉल शिकवला तो स्मिथ महाविद्यालयातील सेंडा बेरेन्सन यांनी, १८९२ मध्ये. मुलींना दमणूक होऊ नये म्हणून मैदानाचे तीन भाग केले गेले आणि आपला भाग ओलांडण्यास खेळाडूला बंदी झाली. स्त्रीने शिकावे हे मान्य झाले होते. तिने किती धावावे, हे इतरांनीच ठरवायचे होते.

४/ पुढे ऐंशी वर्षांनी, १९७६ मध्ये, महिला बास्केटबॉलला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये प्रथमच स्थान मिळाले. त्या स्पर्धेतील पहिला गुण नोंदवला मिसिसिपीच्या लुशिया हॅरिस यांनी. त्या डेल्टा स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थिनी होत्या. १९७५, १९७६ आणि १९७७ अशी सलग तीन वर्षे त्यांच्या संघाने महाविद्यालयीन राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. विद्यापीठाकडून त्यांनी २,९८१ गुण मिळवले.

५/ आणि नंतर? १९७७ मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने सातव्या फेरीत त्यांची निवड केली. त्या वेळी त्या गरोदर होत्या. त्यांनी नकार दिला. महिलांच्या एका अल्पायुषी व्यावसायिक लीगमध्ये त्या एक हंगाम खेळल्या. त्यानंतर त्यांनी शाळेत शिकवले, मुलींना खेळाचे प्रशिक्षण दिले. ‘डब्ल्यूएनबीए’ ही महिलांची लीग सुरू झाली १९९७ मध्ये. तेव्हा हॅरिस बेचाळीस वर्षांच्या होत्या.

६/ आता पुन्हा पुण्याकडे येऊ. आपल्याकडे असाच प्रश्न क्रिकेटच्या मैदानावर उभा राहिला. १९७३ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात भरली. संघ तीनच होते : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. इतर खेळांतील मुलीही क्रिकेटकडे वळत होत्या. मुंबईच्या डायना एडलजी त्यापूर्वी बास्केटबॉल आणि टेबल टेनिस खेळत असत. हाती पैसा नव्हता. अनारक्षित डब्यातून प्रवास करायचा आणि मिळेल त्या वसतिगृहात मुक्काम करायचा, अशी रीत होती.

७/ ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी भारतीय महिलांचा पहिला कसोटी सामना बंगळुरूत वेस्ट इंडीजविरुद्ध सुरू झाला. शांता रंगास्वामी यांच्या संघात पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी होत्या. वय सतरा वर्षे, गोलंदाजी लेगस्पिन. महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरच्या त्या वयात लेगस्पिनर अजून चेंडूवरची हुकमत कमावत असतो. सामन्यांमागून सामने खेळल्याखेरीज ही कला पक्व होत नाही.

८/ नेमके तेच मिळाले नाही. जानेवारी १९७७ नंतर भारतीय महिला पुढचा कसोटी सामना खेळल्या तो १९८४ मध्ये. मधल्या काळात १९७८ आणि १९८२ चे विश्वचषक झाले. कसोटी एकही नाही. सतरा वर्षांची मुलगी पुन्हा कसोटी खेळण्यास उतरली, तेव्हा चोवीस वर्षांची झाली होती.

९/ १९८५ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला. फिरकी गोलंदाजाची खरी बहर येते त्या वयात, सत्ताविसाव्या वर्षात, त्या कर्णधार होत्या. पण त्या दौऱ्यानंतर पुन्हा शुकशुकाट. १९८८ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात झाला. भारताचा संघ त्यात नव्हता. पुढची कसोटी आली १९९१ मध्ये. शुभांगी तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या. त्या मालिकेनंतर त्यांनी निवृत्ती पत्करली.

१०/ एकूण हिशेब असा : पंधरा वर्षांत एकोणीस कसोटी, साठ बळी, सत्तावीस एकदिवसीय सामने, अडतीस बळी. तुलनेसाठी सुनील गावसकर घ्या. १९७१ ते १९८७ या सोळा वर्षांत ते १२५ कसोटी खेळले. शुभांगींच्या काळात भारतीय महिलांच्या वाट्याला एकंदर एकवीसच कसोटी आल्या. म्हणजे संघ जवळजवळ जितका खेळला, तितक्या त्या खेळल्या. त्यांच्या आकड्यांत जी पोकळी दिसते, ती वेळापत्रकाची आहे.

११/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. आकडेवारीची पाने चाळताना आपण कमी सामन्यांना कमी योग्यता समजून बसतो. १९७६ मधील या दोन मुलींनी, एकीने मिसिसिपीत आणि एकीने पुण्यात, आपापले काम चोख केले होते. पुढची पायरी बांधण्याचे काम दुसऱ्यांचे होते आणि ते झाले नव्हते.

१२/ हॅरिस यांना १९९२ मध्ये बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. १८ जानेवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. शुभांगींनी मात्र ती न बांधलेली पायरी बांधण्यास हात लावला. भारतीय महिला क्रिकेट संघटनेच्या त्या सचिव झाल्या आणि २००६ मध्ये ही संघटना भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली, तेव्हा त्याच त्या पदावर होत्या. संघटना संपली, सामने, मानधन आणि वेळापत्रक यांची जबाबदारी प्रथमच मंडळावर आली.

१३/ २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला. कर्वे पुतळ्यापाशी किटबॅग घेऊन उतरणाऱ्या मुलीला त्या रात्रीचे सारे तपशील पाठ असतील. तिच्या वहीत एकोणीस कसोटींची ही नोंदही असावी. कारण तिला पुढच्या महिन्यात सामना आहे, आणि त्याची तारीख आधीच ठरलेली आहे.