फर्स्ट आउट

कोराडीत कॉम्प्युटर बंद पडत नाही, ‘ट्रिप’ होतो. माझ्या दुकानात येणारे बरेच जण वीज केंद्रातले. 660 मेगावॉटचे तीन संच जिथं चालतात, तिथली भाषा घरापर्यंत येणारच. मे महिन्यात एका निवृत्त काकांनी कॅबिनेट काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “भाऊ, लोड घेतला की ट्रिप होऊन राहिला.”

आठच दिवसांपूर्वी त्यांच्या नातवाच्या या मशीनमध्ये मीच नवं ग्राफिक्स कार्ड आणि जादा रॅम टाकली होती. टायपिंग, सिनेमा, सगळं ठीक. व्हिडिओ रेंडरला लावला की पाच-सात मिनिटांत पडदा काळा आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू.

“फर्स्ट आउट काय आहे?” काकांनी विचारलं. संच ट्रिप झाला की कंट्रोल रूममध्ये अलार्मची रांग लागते. त्यातला सगळ्यात आधीचा कोणता, ते पॅनेल धरून ठेवतं. बाकीचे त्याच्या मागून आलेले. मी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. नोंद होती ‘कर्नल-पॉवर 41’. म्हणजे मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झाली. एवढं तर काकांनीही सांगितलं होतं. आमच्या धंद्यात फर्स्ट आउट आयता मिळत नाही, तो एकेक भाग काढून शोधावा लागतो.

निळा पडदा आला असता तर रॅम किंवा ड्रायव्हरवर संशय गेला असता. तरी खात्री म्हणून मेमटेस्ट रात्रभर चालवली. एकही चूक नाही. मग नवं कार्ड काढून जुनं लावलं, मशीन दुपारभर चालली. इथंच दुकानदार फसतो आणि कार्ड वॉरंटीत पाठवतो. मी ते दुकानातल्या मशीनला लावलं. दोन तास रेंडर, काही नाही. कार्ड निर्दोष, मशीन निर्दोष. दोघांची गाठ पडली की भांडण!

उरला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. 450 वॉटचा, सात वर्षं जुना, पंख्याच्या पात्यांवर धुळीचा करडा थर. मल्टिमीटरची काळी पिन काळ्या तारेला, लाल पिन पिवळ्या तारेच्या मागून कनेक्टरमध्ये खुपसली. मशीन निवांत असताना 11.9 व्होल्ट. रेंडर सुरू केला. 11.6. 11.4. या 12 व्होल्टच्या तारेला पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे 11.4 ही शेवटची पायरी. आकडा 11.3 झाला आणि पडदा काळा.

काका मीटरकडेच पाहत होते. “नवा संच जोडला, बॉयलर जुनाच ठेवला,” म्हणाले.

चूक माझीच होती. कार्ड विकताना मी एसएमपीएस पाहिला नव्हता. वर रॅम आणि कार्ड एकाच बैठकीत टाकून संशयितही दोन करून ठेवले होते. एक भाग टाकून दिवसभर चालवला असता आणि मग दुसरा टाकला असता, तर मेमटेस्टची रात्र वाचली असती. नवा 650 वॉटचा एसएमपीएस बसवला, मजुरी घेतली नाही.

आता कोणी ग्राफिक्स कार्डचा भाव विचारला की मी आधी कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचं लेबल वाचतो. भाव त्यानंतर सांगतो.