तारीख नसलेला पूर

मी बातम्यांची चॅनेलं बघत नाही. फार काही तत्त्वबित्त्व नाही त्यात, पुण्यातल्या फ्लॅटवर टीव्हीच घेतला नाही, इतकंच. पण बार्शीला आमच्या घरी तो सकाळी सातला सुरू होतो तो रात्री अकरापर्यंत. आणि त्या टीव्हीनं २०२४ च्या जुलैमध्ये आमच्या अण्णांना दोनशे किलोमीटर पळवलं. त्याची ही गोष्ट. (गोष्ट कसली, राग आहे माझा. अजून पुरता गेलेला नाही.)

२५ जुलै, गुरुवार. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून सोडलेलं पाणी, आणि पहाटे सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. होड्या आल्या, लष्कर आलं. लोकांचे संसार भिजले, त्यात खोटं काहीच नाही. मी राहतो त्याच सिंहगड रोडवर, पण वरच्या अंगाला, कालव्याच्या बाजूला, तिसर्‍या मजल्यावर. आमच्या पार्किंगमध्ये दरवर्षीचं डबकं झालं, बास. संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं, विषय संपला. म्हणजे मला तरी तसं वाटलं.

शुक्रवारी रात्री आमचं रिलीज होतं. ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: बाकीचं जग झोपलेलं असताना नवीन सॉफ्टवेअर चढवायचं, आणि ते पडलं की आपणही त्याच्यासोबत पडायचं, याला रिलीज म्हणतात. पहाटे चारला सुटलो. फोन कधीचा मेला होता. तो चार्जिंगला लावायचाही कंटाळा केला आणि आडवा झालो.

साडेअकराला बेल. एकदा, दोनदा, मग कुणीतरी बोट काढायलाच तयार नाही. शिव्या घालत दार उघडलं तर दारात अण्णा. खांद्यावर कासरा. हो, बैलाचा कासरा! एका हातात मोठी बॅटरी, दुसर्‍या हातात पिशवी, त्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि मेणबत्त्यांचा पुडा. माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाले, "कोरडाच हैस की रं तू."

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं खदाखदा हसलो. ते मात्र हसेनात. चपलांच्या स्टँडपाशी खाली बसले, शर्ट घामानं चिंब, हात थरथरायला लागले. पाणी देऊ का विचारलं तर काहीतरी भलतंच बोलले, माझ्या नावाऐवजी काकांचं नाव घेतलं. तेव्हा माझं हसू गेलं. अण्णांना साखरेचा आजार आहे, सकाळची गोळी त्यांनी शिस्तीत घेतली होती आणि पोटात मात्र आदल्या रात्रीपासून काही नव्हतं. भाकरी पिशवीत होती, पण ती "पुरात अडकलेल्या पोरासाठी" होती ना! ती कशी खाणार? शेजारच्या काकूंना हाक मारली, त्यांनी साखरेचं पाणी आणलं, चमच्यानं पाजलं. वीसेक मिनिटांनी अण्णा माणसात आले. ती वीस मिनिटं मी कशी काढली ते इथं लिहीत नाही.

फोन चार्जिंगला लावला तर आईचे सतरा मिस्ड कॉल. तिला लावला. "आई, अण्णा पोचले, मी बरा आहे, इथं पूरबिर काही नाही." तर म्हणते, "नाही कसं? आत्ता होडी चाललीय तिथं! मी बघतीय ना!" मी गॅलरीत उभा. खाली भाजीची गाडी, त्यापलीकडे रस्त्यावर नेहमीचा ट्रॅफिक. "आई, मी रस्ता बघतोय गं." तर रडायलाच लागली, "मी घाबरू नये म्हणून सांगतोयस तू."

बघा म्हणजे, पोरगा जागेवर उभा राहून सांगतोय ते खोटं, आणि टीव्ही सांगतो ते खरं. आईला दोष देत नाही मी. पडद्यावर लाल पट्टी, मोठ्ठ्या अक्षरांत पुण्याचं नाव, वर टायरवाल्या दुकानासारखं फिरणारं काहीतरी, आणि खाली होडीतून म्हातार्‍या बाईला काढतायत. ती होडी गुरुवार सकाळची होती. शनिवार दुपारपर्यंत ती बाई किती वेळा सुटली असेल याचा हिशोब नाही. एकतानगरीत तोवर लोक घरातला चिखल उपसत होते. पण पूर ओसरला ही काही ब्रेकिंग न्यूज होत नाही. चोवीस तास भरायचेत आणि हातात चाळीस सेकंदांची होडी, मग फिरवा गोल गोल.

आमच्या धंद्यात लॉग नावाचा प्रकार असतो. प्रोग्रॅम काय काय करतोय ते एकेक ओळीत लिहून ठेवतो, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख आणि वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. टीममधल्या एका नव्या पोरानं एकदा तो वेळेचा भाग काढून टाकला, ओळी लांब होतात म्हणून. आम्ही पाच जण रात्री दोन वाजता एका एररच्या मागे धावत होतो, जी तीन दिवसांपूर्वी येऊन दुरुस्तही झाली होती. ओळ खरी होती, एरर खरी होती. फक्त कधीची ते माहीत नव्हतं.

अण्णांना हे सांगितलं तर त्यांना माझ्याआधी कळलं. अण्णा एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं. खिशातून त्या दिवशीचं बार्शी-स्वारगेट तिकीट काढून म्हणाले, "हे बघ, पाच दहा. तारीख, वेळ, कुठून कुठं. नुसत्या एका तिकिटाला एवढं लागतं. आन् तिथं सगळं पुणं बुडवलं तर तारीख नको?"

मग मी उगाचच नियम शोधत बसलो. (इंजिनियर माणूस, राग आला की डॉक्युमेंटेशन वाचतो.) वाटलं होतं नियम नसतील. तर नियम भरपूर! १९९४ च्या केबल टीव्हीच्या नियमावलीत कार्यक्रमसंहिता आहे आणि त्यात काय काय दाखवू नये या यादीत चक्क 'अर्धसत्य' आहे. जाहिरातींनी कार्यक्रमाच्या मध्ये येऊ नये, पडद्याच्या खालच्या भागात पट्ट्या चालवू नयेत, हेसुद्धा त्याच नियमावलीत आहे. आता जाऊन कुठलंही चॅनेल लावा आणि त्या पट्ट्या मोजा! २००८ पासून चॅनेलांनी स्वतःच नेमलेली तक्रार ऐकणारी संस्थाही आहे, पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती जे. एस. वर्मा, म्हणजे माणूस साधासुधा नव्हे. पण तिचा जास्तीत जास्त दंड एक लाख, आणि जे चॅनेल सभासदच नाही त्याला ती काय करणार? २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानंही हा एक लाख फारच तोकडा असल्याचं बोलून दाखवलं.

आणि गंमत बघा, अण्णांच्या त्या फेरीनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १२ ऑगस्ट २०२४ ला, माहिती व प्रसारण मंत्रालयानं चॅनेलांना सल्ला दिला: नैसर्गिक आपत्ती आणि मोठ्या अपघातांची दृश्यं दाखवताना त्यावर तारीख आणि वेळ टाका. नेमकं तेच! (अण्णांना वाटलं मी तक्रार केली म्हणून झालं. मी त्यांचा गैरसमज तीन दिवस तसाच ठेवला.) पण तो सल्लाच. पाळला नाही तर काय, याचं उत्तर सल्ल्यात नसतं.

हापिसातला माझा एक मित्र आहे, चहाच्या टपरीवरचा. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "सरकारला टीव्हीत बोट घालू दिलं की हात जातो." आणि त्याचं म्हणणं हवेत नाही. २६/११ ला चॅनेलांनी कमांडो गच्चीवर उतरताना लाइव्ह दाखवले, त्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या कसाबच्या निकालात कडक शब्दांत सुनावलं, आणि २०१५ मध्ये नियम आला: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी सांगेल तेवढंच. वाचताना एकदम पटतं. पण त्याच नियमाखाली २०१६ साली पठाणकोटच्या बातम्यांवरून एनडीटीव्ही इंडिया एक दिवस बंद ठेवायचा आदेश निघाला. खूप आरडाओरडा झाला, मग तो स्थगित केला. नियम मांडणीचा होता, आदेश मात्र थेट चॅनेल बंद करण्याचा.

यावर माझं म्हणणं मी त्याला दोन कटिंगमध्ये सांगितलं. काढून टाकायला लावणारा नियम वेगळा आणि भर घालायला लावणारा नियम वेगळा. बिस्किट गोड असावं की खारं हे कायदा सांगत नाही, पण पुड्यावर तारीख छापायलाच लागते. बुडालेलं पुणं दाखवा, शंभर वेळा दाखवा, फक्त कोपर्‍यात गुरुवार लिहा. सरकारवर टीका करणार्‍या चॅनेलचं त्यात काय जातं? त्याला हे अर्धंच पटलं. "कोपर्‍यात कुठल्या साइजच्या अक्षरात हेही सरकारच ठरवणार ना," म्हणाला. साइजचं मला सुचलं नव्हतं. तो टेस्टिंगला आहे.

आणि माझा नियम सगळीकडे चालत नाही हे मलाही पुढच्याच वर्षी कळलं. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर गोळाफेक चालू असताना चॅनेलं बातम्यांना पार्श्वसंगीत म्हणून हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवायला लागली. आई संध्याकाळचा दिवा लावताना दर वेळी दचकायची. १० मे ला नागरी संरक्षण महासंचालनालयानं सांगितलं की लोकशिक्षणाखेरीज कार्यक्रमांत हे भोंगे वाजवू नका. रोज टीव्हीत भोंगा ऐकून कान मेले तर खर्‍या भोंग्याला कोण धावेल? इथं भर घालून भागणारच नव्हतं. भोंग्याच्या कोपर्‍यात तारीख कशी लिहिणार!

तक्रारीचं राहिलंच. २०२१ च्या नियमांनुसार आधी चॅनेलकडे जायचं, त्यांना पंधरा दिवस. नाही पटलं तर त्यांच्या संस्थेकडे, तिला साठ दिवस. तिथंही नाही पटलं तर सरकारकडे. मी उत्साहात लॅपटॉप उघडून बसलो, आईला फोन लावला. कुठलं चॅनेल? आठवलं. काय दाखवलं? सगळं आठवलं, होडीतल्या बाईच्या लुगड्याच्या रंगासकट. किती वाजता दाखवलं? "ते काय रात्रभर चालूच होतं की." तक्रारीत तर प्रसारणाची तारीख आणि वेळ लागते. अण्णांकडे वेळ होती ती फक्त एसटीच्या तिकिटावर. तक्रार राहिली.

मागच्या महिन्यात बार्शीला गेलो तर टीव्हीखाली एक शंभरपानी वही. अण्णांनी स्केलनं रकाने आखलेत, अगदी कंडक्टरच्या वेबिलासारखे: तारीख, वेळ, चॅनेल, काय दाखवलं, कोपर्‍यात तारीख होती का. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी फुली, मधे कुठं कुठं 'होय'. एका ओळीत लिहिलंय, "होय, पण वाचता येत नाही. चष्मा लावून पाहिले." टपरीवरच्या मित्राला त्या ओळीचा फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन, अण्णा टेस्टिंगला येतील का विचारत होता.