मोमिनाबादचा रिसाला आणि ट्रंकेतलं पदक

लातूरहून रेणापूरमार्गे अंबाजोगाईला आपण सगळ्याच जातो. योगेश्वरीची ओटी भरायची, मुकुंदराजांच्या समाधीवर डोकं टेकायचं, पेढे घ्यायचे आणि संध्याकाळच्या एस.टी.नं घरी. पण हेच गाव निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणून ओळखलं जायचं आणि तिथं घोडदळाची मोठी छावणी होती, हे किती जणींना ठाऊक आहे?

ही फौज मोठी गमतीची. नाव ‘हैदराबाद कंटिंजंट’, खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रज साहेबांचा! पगार थकले, कर्ज वाढलं. शेवटी १८५३च्या तहात पाच हजार पायदळ, दोन हजार घोडेस्वार आणि चार तोफखाने सांभाळण्यासाठी निजामानं वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपल्या शेजारचा नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या हाती दिला. वाण्याची उधारी फिटेना म्हणून परसदार लिहून द्यावं, तसंच की! धाराशिव १८६०मध्ये परत मिळालं. वऱ्हाड मात्र गेलं ते गेलंच.

स्वारांची रीतही ऐकण्यासारखी आहे. घोडा स्वतःचा असेल तो शिलेदार, दुसऱ्याच्या घोड्यावर बसेल तो बारगीर. शिलेदारानं घोडा, खोगीर, पोशाख स्वतः उभा करायचा. सरकार बंदूक आणि पगार देणार. त्याच्या या जागेला ‘असामी’ म्हणत. तिचे पैसे नोकरी सोडताना त्याला मिळत, मेला तर वारसांना. म्हणजे घोडा ही घरच्या बाईची पुंजीसुद्धा होती. तो आजारी पडला तर घरात काय वातावरण असेल, कल्पना करा!

१९०३मध्ये ही फौज हिंदुस्थानी लष्करात मिसळली. तिच्यातल्या दोन रिसाल्यांचा पुढं १९२१मध्ये एक झाला, तोच आजचा डेक्कन हॉर्स. १९१६मध्ये फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत यांचे भालेवाले घोडे दौडवत गेले होते. १९६५मध्ये असल उत्तरला हाच रिसाला रणगाड्यांत बसून पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांशी लढला. पायदळाच्या पलटणी आज कुमाऊँ रेजिमेंटमध्ये सापडतात. हिमालयातल्या रेजिमेंटचं मूळ हिंगोली-अचलपूरच्या छावण्यांत, आहे की नाही नवल!

मोमिनाबादनं शेवटचे लष्करी घोडेस्वार पाहिले ते सप्टेंबर १९४८मध्ये. पोलीस ॲक्शनमध्ये भारतीय फौजेची एक तुकडी लातूरवरून तिकडं गेली. तिथं निजामाचे गोवळकोंडा लान्सर्स होते. थोडा नावापुरता प्रतिकार झाला, मग त्यांनी शस्त्रं खाली ठेवली.

आता ज्यांचा भाऊ, दीर किंवा नवरा फौजेत आहे त्यांच्यासाठी थोडं. पत्रावर गावाचं नाव नसतं, ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ एवढंच. त्याच्या आधी लिहिलेलं पलटणीचं नाव तेवढं नीट वाचा. दहा जवानांची एक सेक्शन, तीन सेक्शनची प्लॅटून, तिच्यावर बहुधा सुभेदार किंवा नायब सुभेदार. तीन प्लॅटूनची कंपनी. अशा चार कंपन्या आणि वर मोर्टार, स्वयंपाकी, कारकून धरून सातआठशे माणसांची पलटण, तिच्यावर कर्नल. तीन पलटणींची ब्रिगेड, तीन ब्रिगेडची डिव्हिजन. रिसाल्यात नावं बदलतात: हवालदाराचा दफेदार होतो, सुभेदाराचा रिसालदार. पायदळात रेजिमेंट म्हणजे घराणं, पलटण म्हणजे त्यातलं एक घर. मराठा लाइट इन्फंट्रीच्या साऱ्या घरांचं माहेर बेळगावला. जवान बहुधा सगळी नोकरी एकाच पलटणीत काढतो, म्हणून टोपीवरच्या बिल्ल्याला तो मंगळसूत्रासारखा जपतो.

आमच्या गल्लीतल्या एका आजींनी सासऱ्यांचं पहिल्या महायुद्धातलं पदक मुलीच्या लग्नात सोनाराकडे दिलं. चांदी ती कितीशी निघाली असेल! त्या पदकाच्या कडेवर जवानाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आजींच्या नातीनं आता पणजोबा कोणत्या पलटणीत होते म्हणून विचारलं, तर घरात सांगणारं कुणी उरलं नाही आणि कडही उरली नाही.

तेव्हा जुनी ट्रंक उघडलीत तर पदक चिंचेनं किंवा राखेनं घासू नका, अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, फीत धुऊ नका, सुती कापडात गुंडाळून ठेवा. डिस्चार्ज बुक तर दागिन्यांच्या डब्याइतकंच जपायचं. नवरा नोकरीत असेल तर आपलं नाव आणि मुलांच्या जन्मतारखा पलटणीच्या दप्तरी बरोबर चढल्यात का, हे त्याला पुढच्या रजेत विचारा, लाजू नका. विधवेच्या पेन्शनचं घोडं बरेचदा या एका अक्षरावर अडतं. अडलंच, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं.

आणि मुलांना सुट्टीत कुठं न्यायचं म्हणाल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय दाखवा. १९९४मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात १९६५च्या युद्धात हाती लागलेला पॅटन रणगाडा आहे. उन्हाचे जाऊ नका, लोखंड चांगलंच तापतं.