सर्जन व्हायचे तर संशोधन कशाला?

आमच्या बेगम बाजारात हिशेबाला फार मान. किती घातले आणि किती हाती आले, हे विचारल्याशिवाय येथे काहीच पुढे सरकत नाही. त्यामुळे एम.बी.बी.एस. करणाऱ्या आमच्या मुलीने दोन महिने संशोधनाला देण्याचे ठरवले, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला, "याचे मार्क किती?"

उत्तर होते, शून्य. आपल्या देशात एम.एस. सर्जरीची जागा नीट-पीजी किंवा एम्ससारख्या संस्थांच्या आयएनआय-सीईटी परीक्षेतील क्रमांकावर मिळते. तेथे शोधनिबंध कोणी विचारत नाही. प्रवेशानंतर मात्र प्रबंध लिहावाच लागतो. अमेरिकेची रीत वेगळी. तेथे अर्ज, शिफारसपत्रे, मुलाखत असे सगळे पाहतात. जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचे गुण न देता फक्त पास-नापास कळवतात. त्यामुळे सर्जरीसारख्या चुरशीच्या शाखेत संशोधनाकडे अधिक लक्ष जाऊ लागले.

हे ऐकून एका परिचितांनी सुचवले, "पैसे भरा, तयार लेखात नाव घालून मिळते." आम्हा दोघांना क्षणभर ते सोपे वाटले. मुलगीच म्हणाली, "मुलाखतीत त्यातले काही विचारले, तर मी काय सांगू?" विषय तेथेच मिटला.

तिने आपल्या सरांच्या हाताखाली एक साधे काम घेतले. शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू होतो का, याची ३० दिवस नोंद ठेवायची. रुग्ण चार दिवसांत घरी जातात. म्हणून रोज संध्याकाळी तिचे फोन चालत, कधी तेलुगूत, कधी दक्खिनीत. काहींची जखम घरी गेल्यावर चिघळली होती. दवाखान्याच्या कागदावर ते सारे 'बरे' होऊन गेलेले! दुसऱ्या दिवशी ती त्यांना तपासणीसाठी बोलावून घेई.

आपल्या शेजारच्या अफझलगंजच्या इस्पितळाने अशा कामाचा मोठा धडा दिला आहे. १८८८ आणि १८८९ मध्ये सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने येथे हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. दुसऱ्या कमिशनचा खर्च निजाम सरकारने दिला. येथल्याच मेडिकल स्कूलच्या विद्यार्थिनी रूपाबाई फर्दुनजी यांचाही त्या कामात सहभाग होता. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून निष्कर्ष निघाला, की क्लोरोफॉर्म देताना श्वासाकडे लक्ष ठेवावे, हृदयाला थेट धोका नाही. पुढे १९११ च्या सुमारास ए. जी. लेव्ही यांनी दाखवले, की थोड्या क्लोरोफॉर्मनेही हृदय एकाएकी बंद पडू शकते. लॉरींचा निष्कर्ष अपुरा ठरला. पण प्रयोग लिहून ठेवले होते, म्हणून पुढच्यांना ते पडताळता आले. विकत घेतलेल्या नावामागे पडताळण्याजोगे काय असणार?

विद्यार्थी मित्रांनो, डॉक्टर व्हायचे असेल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी १९७९ मध्ये सुरू झालेली अल्प मुदतीची योजना आहे, तिची माहिती जरूर घ्या. आज शाळेत प्रयोगवही लिहिताना उत्तर चुकले, तर शेजारच्याचा आकडा उतरवू नका. आपला आलेला आकडाच लिहा आणि तो तसा का आला, हे बाईंना विचारा.

आमच्या मुलीची नीट-पीजी अजून व्हायची आहे. त्या दोन महिन्यांची सूट तिला तेथे मिळणार नाही. पहाटे पाचला दिवा लागतो. फोनची वहीही टेबलावरच असते.