शेवटच्या बोटीपर्यंत

गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून सुटलेली बोट तासाभराने ज्या बेटाला लागते, त्याला दोन नावे आहेत. सहलीच्या पत्रकावर ‘एलिफंटा’ छापलेले असते. तिथल्या ग्रामपंचायतीचे नाव घारापुरी आहे. पोर्तुगीज इथे आले तेव्हा त्यांना किनाऱ्याजवळ दगडात कोरलेला एक भला मोठा हत्ती दिसला आणि त्यांनी बेटाला हत्तीचे नाव दिले. जगाच्या नकाशांनी तेच उचलले. जे लोक तिथे रात्री झोपतात ते मात्र घारापुरीत झोपतात. तुम्ही-आम्ही सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारी माणसे बहुधा पहिल्या नावाच्या बेटावर उतरतो आणि तिथूनच परत फिरतो. दुसऱ्या नावाचे बेट एका दिवसात दिसू शकते का, याविषयी मला तुमच्याशी थोडे बोलायचे आहे.

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार तुम्ही अभ्यासला असेल. त्यातले प्रवासी महिनोन्महिने घराबाहेर असतात. आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवास तसा नसतो. नोकरी, घर आणि अभ्यास सांभाळणाऱ्या माणसाच्या वाट्याला एखादा रविवार येतो. आणि त्या रविवारी निघणारी सहल ‘चहा-नाश्ता, जेवण, बोटीचे तिकीट आणि गाइड’ अशा एकाच वर्गणीत बसवलेली असते. या एकदिवसीय, मार्गदर्शकासह केलेल्या प्रवासाकडे साहित्याने फारसे लक्ष दिलेले नाही. हा प्रवास उथळ असतो असे सर्रास म्हटले जाते. मला ते पूर्णपणे पटत नाही.

आम्ही पस्तीसजण होतो. निम्मे बदलापूरचे, काही अंबरनाथला चढले, आणि उल्हासनगरला तीन-चार. त्यांत एक निवृत्त सिंधी शिक्षक होते. त्यांचे वडील १९४७ नंतर कराचीहून आगबोटीने मुंबईला उतरले आणि तिथून थेट कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले. त्या छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. पण जुनी माणसे अजूनही ‘कॅम्प’च म्हणतात, आणि पत्ताही कॅम्पच्या क्रमांकानेच सांगतात. बोट सुटल्यावर सारे फोटो काढण्यात गुंतले असता हे गृहस्थ कठड्याशी उभे राहून पाण्याकडे पाहत होते. वडिलांची बोट याच पाण्यातून आली असणार, एवढेच ते म्हणाले.

बोटीच्या प्रवासाबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घातले होते. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावरील प्रवासी बोटीला झालेल्या भीषण अपघाताची आठवण कुणी काढली नाही, पण सर्वांच्या हातांनी जाकिटाचे पट्टे पुन्हा एकदा आवळले. एका बाजूला तुर्भे, समोर न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन, उत्तरेकडे अटल सेतूची लांबच लांब रेघ. यंत्रांनी वेढलेल्या खाडीच्या मधोमध हिरव्या झाडीची दोन टेकाडे, हेच ते बेट.

गाइड धक्क्यावरच भेटला. तिशीचा असावा, अंगावर इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. आपल्या मराठीत यासाठी ‘वाटाड्या’ असा सुंदर शब्द आहे. पण तो इथे लागू पडेना. बदलापूरजवळच्या चंदेरी किल्ल्यावर जाताना पायथ्याच्या गावातून जो सोबत येतो तो वाटाड्या. तो फारसा बोलत नाही, पुढे चालतो, आणि निसरड्या जागी फक्त हात देतो. घारापुरीला वाट चुकण्याचा संभवच नाही. धक्क्यावरून छोटी आगगाडी, मग ताडपत्रीच्या सावलीत दुतर्फा दुकाने असलेल्या सुमारे १२० पायऱ्या, आणि वर लेणी. पावलांना वाट आधीच ठाऊक असते. गाइडने दाखवायची असते ती अर्थाची वाट.

ती तो हिंदीत दाखवत होता. पस्तीसपैकी तीसजण मराठी असूनही कुणी त्याला मराठीत बोलायला सांगितले नाही, आणि त्यानेही विचारले नाही. सहलीला गेले की आपण हिंदी बोलू लागतो, ही आपली एक गंमतच आहे. त्याचे भाषण पाठ होते आणि चांगले होते. कुठे थांबायचे, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे विजेरीचा झोत टाकायचा, हे सारे ठरलेले. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास एकसंध खडकात कोरलेले हे लेणे. १९८७ पासून जागतिक वारसा. चार दारांचा गाभारा आणि त्यावर पहारा देणारे उंच द्वारपाल. मग दक्षिणेकडच्या भिंतीवरची ती सुमारे साडेपाच मीटर उंचीची, तीन मुखांची प्रतिमा. “ये ब्रह्मा, ये विष्णू, ये महेश,” तो म्हणाला, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांचे हात आपसूक जुळले.

अभ्यासकांचे मत वेगळे आहे. त्यांच्या मते ही तिन्ही मुखे एकट्या शिवाचीच: आपल्या डाव्या हाताला मिशा असलेले उग्र अघोर, मध्ये ध्यानस्थ तत्पुरुष, आणि उजव्या हाताला कमळ धरलेले, जवळजवळ स्त्रीरूप झालेले वामदेव. एकच चेहरा संहार, शांती आणि लालित्य असा तीनदा वळतो, आणि पाहणाऱ्याला एका जागी उभे राहून तो वळताना पाहता येतो.

तिथून पुढे कल्याणसुंदर शिल्पापाशी आम्ही फार तर मिनिटभर थांबलो असू. माझे विचाराल तर या लेण्यात त्रिमुखी प्रतिमेपेक्षाही मला हे शिल्प मोठे वाटते. शिवाच्या हातात हात दिलेली पार्वती मान खाली घालून उभी आहे. तिच्या मागची आकृती, बहुधा तिचे वडील, तिला किंचित पुढे करीत आहे. हात-पाय तुटले आहेत, तरी त्या वाकलेल्या मानेत संकोच शिल्लक आहे. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, “बाई गं, पाठवणीच वाटते.” त्यांना कुणी काही समजावून दिले नव्हते. पण गाइड पुढे निघाला होता आणि आम्हीही निघालो. ठरलेल्या वेळात ठरलेली शिल्पे होतात. कुठले वाक्य लांबवायचे आणि कुठले गाळायचे हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती त्या दिवसापुरते सारे बेट असते.

वळण आले ते जेवणानंतर. सावलीत बसलो असता त्या सिंधी शिक्षकांनी गाइडला स्वच्छ मराठीत विचारले, “तुमचं घर कुठल्या गावात?”

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “मोराबंदर, सर.” आणि त्याची भाषा बदलली, शब्दांबरोबर बसण्याची ढबही बदलली. मघाशी उभ्याने बोलणारा माणूस मांडी घालून बसला. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत, हे आम्हाला तेव्हा कळले. वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून. समोर मुंबईचे दिवे रात्रभर दिसत. इथे संध्याकाळी काही तास जनित्र चाले, मग अंधार. “आम्ही मुंबईच्या उजेडाकडे बघत मोठे झालो,” तो म्हणाला. रात्री कुणाचे दुखले-खुपले तर आजही बोटच काढावी लागते. पर्यटकांना मुक्कामाची परवानगी नाही. संध्याकाळची शेवटची बोट गेली की बेट पुन्हा त्यांचे होते. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून त्यांचा रविवार सोमवारी येतो.

आता तुम्ही साहित्याचे विद्यार्थी म्हणून याकडे पाहा. माणूस तोच, दिवस तोच, बेटही तेच. हिंदीतल्या कथनात राजे होते, देव होते, मूर्ती फोडणारे पोर्तुगीज होते. त्यात जिवंत माणूस एकही नव्हता. मराठीतल्या कथनात आई होती, बोट होती, जनित्राचे डिझेल होते. याचे श्रेय मराठी भाषेच्या काही खास गुणाला देण्याचा मोह मला होतो, पण ते खरे नाही. पहिले कथन विकण्यासाठी घडवलेले होते, दुसरे विचारल्यामुळे सुचले. प्रश्न घरच्या भाषेत आला म्हणून उत्तरात घर आले. त्या शिक्षकांच्या घरची भाषा तर मराठी नव्हतीच. ती त्यांनी उल्हासनगरच्या शाळेत शिकवता शिकवता आपली केली होती.

मी त्याला तीन मुखांबद्दल विचारले. ही तिन्ही रूपे शिवाचीच म्हणतात ना? तो हसला. “माहीत आहे, सर. पण ब्रह्मा-विष्णू-महेश सांगितलं की माणसं हात जोडतात. अघोर, तत्पुरुष, वामदेव सांगितलं की घड्याळ बघतात.” ज्याला आपण पाठांतर समजत होतो त्यामागे श्रोत्यांचा इतका बारीक अभ्यास होता. त्याच्या कथनात जे गाळले गेले त्यात आपल्या अधीरतेचाही वाटा होता.

उतरताना पायऱ्यांवर डोक्यावर चकचकीत हंड्यांची उतरंड घेऊन दोघीजणी फोटोसाठी उभ्या होत्या. फोटोचे पैसे घेतात. आमच्यातल्या त्याच आजींनी जवळ जाऊन विचारले, “रिकामेच आहेत ना गं?” दोघी खळखळून हसल्या. “भरलेले घेऊन दिवसभर कोण उभं राहील, मावशी?” मग पाण्याच्या गप्पा निघाल्या: कुणाकडे किती दिवसांनी येते, टँकर, टाकी. आमच्याकडे बारवीचे धरण हाकेच्या अंतरावर, तरी उन्हाळ्यात तीच रड. फोटो कुणी काढला की नाही, हे आता आठवत नाही.

जगात याहून दूरची बेटे आहेत आणि तिथेही हाच पेच आहे. पॅसिफिक महासागरात, चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर, प्रचंड दगडी पुतळ्यांसाठी प्रसिद्ध असलेले एक बेट आहे. तिथले लोक त्याला रापा नुई म्हणतात. १७२२ साली एक डच दर्यावर्दी तिथे ईस्टरच्या रविवारी पोहोचला, म्हणून जग त्याला ईस्टर आयलंड म्हणते. पाहुणा ज्या वारी आला तो वारच बेटाचे नाव झाला! तिथल्या एका पुतळ्याला १८६८ मध्ये इंग्रजांनी जहाजावर चढवले. तो आज लंडनच्या संग्रहालयात आहे. घारापुरीचा हत्तीही इंग्रज असाच उचलून नेणार होते. १८६४ मधल्या त्या खटपटीत त्याचे तुकडे झाले. ते सांधून उभा केलेला हत्ती आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. ज्याच्यावरून बेटाला नाव मिळाले तो बेटावर नाही. नाव मात्र आहे. रापा नुईवर आता पाहुण्याला बहुतेक पुरातन स्थळी स्थानिक मार्गदर्शकावाचून जाता येत नाही. बेटाची गोष्ट बेटावरच्या माणसानेच सांगावी, हा आग्रह मला फार योग्य वाटतो. फक्त ती त्याने कुणाला आणि काय विचारल्यावर सांगावी, हे कुठल्या नियमाने ठरणार?

धक्क्यावर बोटीची वाट पाहताना गाइडने आम्हाला विचारले, “तुमच्याकडे काय आहे बघायला?”

एकाने बारवी धरण सांगितले, एकाने कोंडेश्वर. मग अंबरनाथचे कुणीतरी म्हणाले, “आमचं शिवमंदिर आहे. जुनं आहे.” किती जुने, असे त्याने विचारले. घारापुरीच्या लेण्यांनंतर पाचशे वर्षांनी, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मध्ये ते पूर्ण झाले, हे मी सांगितले. तेव्हा आमच्याच माणसांनी माना वळवून माझ्याकडे पाहिले. त्यांतले काहीजण दर महाशिवरात्रीला तिथे रांगेत उभे राहतात. शिलालेखातला तो शक त्यांना कुणी सांगितला नव्हता. कारण त्या मंदिराला पुजारी आहेत, बेलफूल विकणारे आहेत, पुरातत्त्व खात्याचा फलक आहे, पण गाइड नाही.

मी त्याला येण्याचे निमंत्रण दिले. तो म्हणाला, “सोमवारीच जमेल, सर. सुट्टी सोमवारीच.”

सोमवारी अंबरनाथला गर्दी असते. श्रावणातला असेल तर रांग पार रस्त्यापर्यंत येते, आणि भिंतीवरची शिल्पे पाहायला थांबले तर मागचा माणूस पुढे सरका म्हणतो. त्याला काय दाखवायचे हे मी अधूनमधून ठरवीत असतो. सुमारे वीस पायऱ्या उतरून जावे लागते असा तो जमिनीखालचा गाभारा. आज वरचा भाग शिल्लक नसलेले शिखर. बाहेरच्या भिंतीवरची, हातपाय झिजलेली देवतांची गर्दी. आणि शेजारून वाहणारी, सांडपाण्याने काळवंडलेली वालधुनी. ती दाखवावी की मंदिराच्या दुसऱ्या बाजूने न्यावे, याचा निर्णय अजून झालेला नाही. तो बहुधा आधी विचारील, “तुमचं घर कुठे?” मग मंदिर राहू द्यावे लागेल आणि पुलावरून नदी ओलांडून घराकडे जावे लागेल.